उसनी झोप

आईच्या औषधांच्या डब्याला चार कप्पे होते. एकात रक्तदाबाची गोळी, दुसऱ्यात मधुमेहाची, तिसऱ्यात कॅल्शियमची, चौथा रिकामा. तिची चौथी गोळी त्या डब्यात कधीच नसे. ती उशाशी, चष्म्याच्या घरात असे. वडील गेले त्या महिन्यात डॉक्टरांनी "पंधरा दिवस घ्या, झोप लागेल" असे सांगून ती दिली होती. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षे झाली. दरमहा वाणसामानाबरोबर त्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या मीच आणीत असे. दुकानदार ओळखीचा होता. तो चिठ्ठी मागत नसे आणि त्याच्या या न मागण्याला मी सौजन्य समजत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्री तीनच्या सुमारास ती लघुशंकेसाठी उठली आणि उंबऱ्याशी पडली. खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात नेहमीच्या औषधांची यादी विचारली तेव्हा मी तीन नावे लिहून दिली. शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. पाचव्या दिवशी मात्र तिचे हात थरथरू लागले, रात्री ती वडिलांना हाका मारू लागली आणि सहाव्या दिवशी तिने मला ओळखले नाही. आम्ही सारे वयाला आणि भुलीला दोष देत असताना एका तरुण डॉक्टरने विचारले, "सर, आजी झोपेची एखादी गोळी घेत होत्या का?" मी उत्तर दिले, "घेत होती. पण ते काही औषध नव्हे."

या उत्तराची लाज मला आजही वाटते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, औषधशास्त्राचा नव्हे. पण व्यवहारात फसलेला माणूस ज्या चिकाटीने जुने हिशेब तपासतो, त्याच चिकाटीने मी त्यानंतर या विषयाचे वाचन केले. वाचता वाचता ध्यानात आले की हा विषय माझ्या विषयापासून फार दूरचा नाही. झोपेची गोळी ही मिळकत नव्हे, कर्ज आहे; आणि कर्जाबाबत पहिला प्रश्न जो विचारायचा असतो, म्हणजे परतफेड केव्हा आणि कशी, तोच येथे कोणी विचारीत नाही.

मेंदूतील लगाम

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांच्या साहाय्याने बोलतात. काही निरोप पेशीला चेतवणारे असतात, काही आवरणारे. आवरणाऱ्या निरोप्यांत प्रमुख असलेल्या पदार्थाला संक्षेपाने गॅबा म्हणतात. त्याच्यासाठी पेशीच्या आवरणावर ठराविक जागा असतात. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. गॅबा तेथे बसला की एक सूक्ष्म दार उघडते, ऋण विद्युत्‌भाराचे क्लोराइडचे कण आत शिरतात आणि ती पेशी काही क्षण चेतवण्यास अवघड होते. डायझेपाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम, अल्प्रॅझोलॅम ही सारी बेन्झोडायझेपाइन कुळातील औषधे. ती हे दार स्वतः उघडीत नाहीत. शेजारच्या एका वेगळ्या जागी बसून ती गॅबाला बळ देतात आणि दार अधिक वेळा उघडू लागते. त्यांच्या आधीची बार्बिट्युरेट औषधे दार अधिक काळ उघडे ठेवीत आणि मात्रा वाढली तर गॅबाची वाट न पाहता ते परस्पर उघडीत. जुन्या गोळ्यांच्या अतिसेवनाने श्वास बंद पडून माणसे मरत आणि नव्या गोळ्यांनी, त्या एकट्याच घेतल्या तर, सहसा मरत नाहीत, याचे कारण या लहानशा फरकात आहे. 'एकट्याच' हा शब्द महत्त्वाचा. सोबत दारू किंवा अफूवर्गातील वेदनाशामक असेल तर हे संरक्षण राहत नाही.

हा लगाम केवळ झोपेचा नाही. स्नायूंचा ताठरपणा, शरीराचा तोल, नव्या आठवणींची नोंद या साऱ्यांवर त्याची सत्ता आहे. म्हणून गोळी घेऊन मध्यरात्री उठलेल्या वृद्ध माणसाचा पाय लटपटतो आणि आदल्या रात्री काय बोललो हे त्याला सकाळी आठवत नाही. झोपेची लांबी वाढते हे खरे, पण तिचा पोत बदलतो. बेन्झोडायझेपाइनच्या झोपेत गाढ झोपेचा वाटा घटतो आणि हलक्या झोपेचा वाढतो.

खरी मेख पुढे आहे. रोज रात्री बाहेरून लगाम ओढला जातो हे पाहून मेंदू आपली घडी बदलतो. ग्राही पूर्वीइतके दाद देईनासे होतात आणि चेतवणारी बाजू तुलनेने प्रबळ होते. याचे परिणाम दोन. एक, तीच मात्रा पूर्वीइतकी झोप देत नाही. दुसरा, गोळी एकाएकी बंद केली की चेतवणाऱ्या बाजूला आवरणारे कोणी उरत नाही. मग पूर्वीपेक्षा अधिक निद्रानाश, अस्वस्थता, कंप, प्रसंगी भ्रम आणि झटकेसुद्धा येतात. रुग्ण यातून निष्कर्ष काढतो की, "पाहा, गोळीवाचून मला झोप येतच नाही." वास्तविक ही मूळची व्याधी नसते, ती थकलेल्या कर्जाची वसुली असते. जुन्या कर्जाचे व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यालाही सावकार आपला तारणहारच वाटत असतो!

दीडशे वर्षांची आश्वासने

या औषधांचा इतिहास म्हणजे एकाच आश्वासनाची पुनरावृत्ती होय. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख याने क्लोरल हायड्रेट निद्राकारक म्हणून पुढे आणले. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी पहिले बार्बिट्युरेट, व्हेरोनाल, दिले. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन आले, जे अपस्मारावरील 'गार्डिनाल' म्हणून आपल्याकडील अनेक घरांना परिचित आहे. उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांतले अंतर मात्र या कुळात फार थोडे होते. १९६२ मध्ये अभिनेत्री मर्लिन मन्रो हिचा मृत्यू ज्या औषधांनी झाला त्यांत बार्बिट्युरेट होते.

मग 'सुरक्षित' शामकांचा शोध सुरू झाला. त्यातून १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले. अतिसेवनानेही माणूस मरत नाही, म्हणून ते चिठ्ठीवाचून विकले गेले. गर्भवती स्त्रियांनीही ते घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात ते तेथे मागे घेण्यात आले तोवर जगभर सुमारे दहा हजार बालके सदोष अवयव घेऊन जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने अपुऱ्या पुराव्यावर परवाना देण्याचे नाकारले आणि तो देश बव्हंशी वाचला. मेथाक्वालोनचा जन्म तर भारतातला. १९५१ मध्ये कक्कर आणि झहीर या भारतीय संशोधकांनी हिवतापावरील औषधाच्या शोधात ते बनविले होते. पुढे त्याचा निद्राकारक गुण लक्षात आला आणि १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये ते 'मँड्रॅक्स' या मिश्रणातून विकले जाऊ लागले. बार्बिट्युरेट नाही म्हणून निर्धोक, अशी त्याची ख्याती होती. दोन दशकांच्या आत ते जगभर व्यसनाचा पदार्थ म्हणून कुप्रसिद्ध झाले.

बेन्झोडायझेपाइनचा इतिहासही असाच. लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत फळीवर पडून राहिलेले एक संयुग १९५७ मध्ये आवराआवर करताना तपासणीला गेले आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम व १९६३ मध्ये व्हॅलियम अवतरले. आपल्याकडे 'काम्पोज' हा शब्द घरोघरी झाला तो याच औषधामुळे. बार्बिट्युरेटच्या तुलनेत ही प्रगती निःसंशय मोठी होती. परंतु ती सवय लावीत नाहीत हा समज टिकला नाही. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने त्यांचा वापर दोन ते चार आठवड्यांपुरता मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला. १९९२ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेले झोल्पिडेम रासायनिक दृष्ट्या निराळे, पण बसते त्याच जागी. २०१३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी त्याची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली, कारण सकाळी गाडी चालविण्याच्या वेळीही ते रक्तात पुरेसे शिल्लक आढळत होते. २०१४ पासून जागृतीचा निरोप देणाऱ्या ओरेक्सिनलाच अडविणारी औषधे तेथे आली आहेत. ती निराळ्या मार्गाने काम करतात एवढे खरे. पण इतका इतिहास वाचल्यावर नव्या आश्वासनाकडे किंचित सावधपणे पाहावे, हे बरे.

कोणी म्हणेल, मग आपली वनौषधी घ्यावी. तेथेही एक धडा आहे आणि तो मुंबईचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा निबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. भारतात परंपरेने ती उन्माद आणि निद्रानाश यांवर वापरात होती. तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य १९५२ मध्ये वेगळे करण्यात आले. ते मन शांत करी, पण काहींना खोल खिन्नतेतही ढकली. जे द्रव्य मेंदूत काम करते ते मेंदूत अपायही करू शकते. ते मुळीतून आले की कारखान्यातून, याने फरक पडत नाही.

शिल्लक वाढते कशी

औषध शरीरात किती काळ राहते हे मोजण्यासाठी 'अर्धायुष्य' ही संकल्पना आहे. रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ तो अर्धायुष्य. झोल्पिडेमचे सुमारे अडीच तास, अल्प्रॅझोलॅमचे सुमारे अकरा. डायझेपामचे मात्र वयाबरोबर वाढत जाते. विशीतल्या तरुणात ते सुमारे २० तास असते, तर ऐंशीच्या घरातील माणसात सुमारे ९० तास.

आता चक्रवाढीचे गणित करणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला पुढचा हिशेब जमेल. रोज रात्री एक गोळी घेतली आणि अर्धायुष्य २० तासांचे असले, तर आदल्या दिवसांची शिल्लक धरून शरीरातील औषध एका गोळीच्या पावणेदोन पटीवर स्थिरावते. तेच अर्धायुष्य ९० तासांचे असेल तर शिल्लक साचत साचत जवळजवळ सहा गोळ्यांइतकी होते आणि या पातळीला पोहोचण्यास अडीच-तीन आठवडे लागतात. याचा अर्थ असा की, नातू आणि आजी यांनी एकच गोळी घेतली तरी महिनाअखेर आजीच्या अंगात नातवाच्या तिपटीहून अधिक औषध असते. आईची गोळी या दीर्घजीवी वर्गातली होती. ती दुपारी खुर्चीत पेंगते, शब्द विसरते, चालताना भिंतीचा आधार घेते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो आणि "वय झाले" म्हणत होतो. ते कर्ज हळूहळू सुटत गेले, म्हणूनच वसुलीही पहिल्या रात्री न येता पाचव्या दिवशी आली.

लाभ किती आणि कोणाला

या गोळ्यांचा लाभ तरी किती? साठीपुढील रुग्णांवरील अनेक चाचण्या एकत्र करून २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीने झोप वाढते, सरासरी सुमारे २५ मिनिटांनी. तेरा जणांना गोळी दिली तर एकाच्या झोपेत तिच्यामुळे सुधारणा दिसते. आणि सहा जणांना दिली तर एकाला काही ना काही अपाय होतो. असा ताळेबंद दाखविणाऱ्या कंपनीचे भाग आपल्यापैकी कोणी विकत घेणार नाही.

तरीही हा माल खपतो, याचे कारण बाजाराच्या रचनेत आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीबाजारासारखा का नसतो हे दाखवून दिले. येथे विकत घेणाऱ्याला वस्तूची पारख नसते. तो देणाऱ्यावर विश्वास टाकतो. झोपेच्या गोळीत याला आणखी एक पदर आहे. तिचा लाभ त्याच रात्री मिळतो आणि हाती लागतो. तिची किंमत पुढे, निराळ्या नावाने आणि बहुधा निराळ्या खात्यावर पडते. पडणे 'अपघाता'च्या खात्यावर, विसरणे 'वया'च्या, थरथरणे 'भुली'च्या. पट्टी स्वस्त, खुब्याची शस्त्रक्रिया महाग. परंतु दोन्ही बिले एकाच मालाची आहेत हे कोणीच जोडून पाहत नाही.

डॉक्टरांना एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. बाहेर चाळीस माणसे ताटकळत असताना चिठ्ठी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात आणि झोप का येत नाही हे विचारण्यास चाळीस. दोन्हींची फी तीच. दुकानदार गिऱ्हाईक सांभाळतो, मुलगा आईचा शब्द सांभाळतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागतो आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज एका वृद्धेच्या मोडलेल्या खुब्यात होते.

कायदा नाही असे नाही. डायझेपाम, अल्प्रॅझोलॅम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेले प्रमाण यांची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावयाची असते. पण कायद्याची नजर विक्रीवर आहे, मुदतीवर नाही. शिवाय केवळ पुरवठा तोडल्याने काय होते हे तेलंगणातील ताडीच्या भेसळीने दाखविले आहे. तेथे ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्रॅझोलॅम मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले, आणि भेसळीची ताडी अचानक बंद झाली की कंप, भ्रम आणि झटके घेऊन माणसे रुग्णालयांत येऊ लागली. आपल्या अंगात औषध आहे हे त्यांतील अनेकांना ठाऊकही नव्हते.

चिठ्ठीवरची दुसरी तारीख

येथे गैरसमज नको. झटके थांबविण्यासाठी, शस्त्रक्रियेपूर्वी, दारू सोडविताना ही औषधे अमोल आहेत. घरात मृत्यू झाला असता चार रात्रींची झोप देणे हेही वैद्यकाचे कर्तव्यच आहे. कर्ज वाईट नसते. मुदत न ठरविलेले कर्ज वाईट असते. जे वाचक स्वतः ही गोळी दीर्घकाळ घेत असतील त्यांनी हा लेख वाचून ती उद्या बंद करू नये. तसे करणे धोक्याचे आहे. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीने, महिनोन्‌महिने घेऊन उतरवावी लागते.

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले आणि विचार व वर्तन बदलण्याच्या उपचाराला प्रथम स्थान दिले. त्यात गूढ काही नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. प्रत्यक्ष झोप जितकी येते त्याहून फार अधिक काळ अंथरुणात लोळू नये. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसावे. अंथरूण काळजीचे ठिकाण होऊ देऊ नये. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसीन साचते आणि त्याच्या दाबाने झोप येते. चहा-कॉफीतील कॅफीन त्याचीच जागा अडविते आणि पाच तासांनीही सुमारे निम्मे शिल्लक असते. परीक्षेचे पेपर तपासताना सायंकाळी सहाला घेतलेला चहा रात्री अकरा वाजता अर्धा जागाच असतो! हे सारे समजावून सांगण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरच हवा असे नाही. प्रशिक्षित परिचारिका वा समुपदेशक ते करू शकतील. पण त्यांच्या वेळेची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे.

तोवर एक मागणी करता येण्याजोगी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. झोपेच्या गोळीच्या प्रत्येक चिठ्ठीवर सुरुवातीच्या तारखेबरोबर शेवटची तारीख लिहिणे बंधनकारक करावे. त्या तारखेनंतर औषध हवे असेल तर रुग्णाने पुन्हा डॉक्टरांसमोर बसावे, आणि दुकानदाराच्या वहीत जशी विक्रीची नोंद होते तशी या मुदतीचीही व्हावी. आईच्या पहिल्या चिठ्ठीवर "१५ दिवस" हे शब्द खरोखरच होते. पण तोंडी कराराप्रमाणे ते पहिल्या महिन्यातच विरून गेले.

आईची गोळी सुटण्यास दहा महिने लागले. शेवटी शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी गोळीचे चार तुकडे करीत असे. आता ती रात्री पाच तास झोपते आणि पहाटे चारला उठून बसते. "आली तर आली, नाही आली तर पोथी आहे," असे म्हणते. काठी सुटलेली नाही, पण दुपारचे पेंगणे सुटले आहे आणि गल्लीतल्या मुलांची नावे तिला पुन्हा आठवू लागली आहेत. घरात जर कोणी वडीलधारे असेल, तर वाचकांनी आज एवढेच करावे: त्यांच्या औषधांची यादी लिहायला बसावे आणि डब्यातली औषधे लिहून झाली की उशाखालीही पाहावे.